चौकटीत न मावणारी गिऱ्हाइकं

आमच्या फोटो-फ्रेमच्या धंद्यात दोन गोष्टी रोज साचतात. एक म्हणजे पट्टीचे तुकडे आणि दुसरी म्हणजे किस्से. तुकड्यांची विल्हेवाट लागते. मोठ्यांच्या लहान फ्रेमा होतात, अगदीच बारके कुणीतरी आंघोळीच्या बंबासाठी घेऊन जातं. किस्से कोण नेणार? ते दुकानातच पडून राहतात. बरं, गिऱ्हाइकाला सांगावेत तर तीही सोय नाही, कारण बहुतेक किस्से गिऱ्हाइकांचेच!

म्हणून आम्ही ते एकमेकांना सांगतो. शुक्रवारी यादवजींचं बोईसरचं दुकान बंद असतं. ते पालघरला पट्ट्या न्यायला येतात आणि माझ्या दुकानात बसतात. यादवजी मूळचे जौनपूरचे, पण बोईसरला येऊन आता वीस-बावीस वर्षं झाली. मराठी सगळं समजतं, बोलतातही. फक्त राग आला की हिंदीत येतो.

तिसरे दत्ताकाका. आम्हा दोघांचे गुरू. अर्ध्या पालघरच्या भिंतींवर काकांच्या हातच्या फ्रेमा आहेत. आता हात थरथरतो म्हणून त्यांनी काच कापणं सोडलंय. बोलणं सोडलेलं नाही. माझ्या कटरशेजारच्या खुर्चीत बसून ते माझं काम बघतात आणि मधूनच "हं" म्हणतात. काकांचं "हं" ऐकलं की मी कापलेली पट्टी पुन्हा मोजतो.

\*

मी काकांकडे गेलो तो तिशी ओलांडल्यावर. बोईसरची कंपनीतली नोकरी सुटली होती, घरी बसवत नव्हतं आणि काम लवकर यावं अशी भयंकर घाई होती.

फ्रेमचा कोपरा ऐकायला फार सोपा. दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापायच्या, टोकाला टोक जोडायचं, मध्ये फट दिसता कामा नये. पण काका म्हणायचे, "पहिल्या तीन कोपऱ्यांत केलेली पापं चौथ्या कोपऱ्यात दिसतात!"

माझ्या पहिल्या फ्रेमच्या चौथ्या कोपऱ्यात काडेपेटीतली काडी आरामात जात होती. मी काय केलं, भुसा आणि फेव्हिकॉल कालवून फटीत दाबला, वरून पॉलिश मारलं. काकांनी त्यावरून नख फिरवलं. त्या फ्रेममध्ये आरसा बसवला आणि दुकानात समोरच टांगला, म्हणजे मान वर केली की मला माझं तोंड आणि माझा कोपरा एकदमच दिसावा!

आठ-दहा महिने तो आरसा तिथे होता. एक दिवस नव्या कॉम्प्लेक्समधलं एक जोडपं आलं. बाईंनी आरसा बघितला आणि तिथेच थांबल्या.

"अय्या, किती सुंदर! हँडमेड आहे ना? असे कोपरे हल्ली मशीनवर येतच नाहीत!"

"नाही येत," काका म्हणाले. "मशीनला लाज असते."

त्यांना वाटलं म्हातारा विनोद करतोय. दोघं हसले, आरसा घेतला आणि वर अगदी तशाच आणखी दोन फ्रेमांची ऑर्डर दिली. काका माझ्याकडे वळले. "जा. कर दोन. तशाच!"

मी संध्याकाळपर्यंत बसलो. काय वाट्टेल ते केलं तरी कोपरा घट्टच बसायचा. काकांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि सुस्कारा सोडला.

"बिघडलास तू."

माझं शिक्षण संपलं ते तसं!

\*

दुकान माझ्याकडे आल्यावर पहिल्याच सीझनला मुरब्याचा एक तांडेल नव्या बोटीचा फोटो घेऊन आला. बोट पाण्यात सोडली त्या दिवशीचा फोटो. पताका, फुलं, गुलाल, सगळं होतं. म्हटलं, याला माउंट हवंच. माउंट म्हणजे फोटोभोवती जो जाड पांढरा कागद खिडकीसारखा कापून लावतात तो. तो फोटोच्या कडांवर बोटाच्या पेराएवढा चढवावा लागतो, नाहीतर फोटो आतल्या आत घसरतो.

झकास फ्रेम झाली. घ्यायला तांडेल, त्याची बायको आणि दोन भाऊ आले. चौघांनी फ्रेम बघितली.

"बोट कोनाची हाय ही?" तांडेलाने विचारलं.

"तुमचीच की!"

"मंग नाव कुटं हाय?"

मी वाकून बघितलं. बोटीचं नाव पार टोकाला, नाळेवर लिहिलेलं होतं आणि ते अख्खं माउंटखाली गेलं होतं. नाव त्याच्या आईचं.

"माज्या आयेला झाकलीस तू!" तांडेल असा ओरडला की रस्त्यावरचे दोघेजण थांबले.

तेवढ्यात मागून त्याची बायको हळूच म्हणाली, "इतक्या वर्सांत कोनाला जमलं नव्हतं!"

दोघे भाऊ भिंतीकडे तोंड करून हसले. मी त्याच दिवशी नवीन माउंट कापून दिलं. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "माउंट कापायच्या आधी फोटोच्या चारी कडा वाचायच्या. मधलं काय, सगळ्यांनाच दिसतं."

\*

आता यादवजींचा.

बोईसरला चौथ्या मजल्यावरच्या एका इंजिनिअरसाहेबांकडे त्यांनी चार फुटी फॅमिली फोटो लावला. दोन दिवसांनी फोन, "फोटो टेढ़ा है!" यादवजी लेव्हल घेऊन गेले. लेव्हल म्हणजे ती पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा मधोमध आला की फ्रेम सरळ. फोटो खरंच बोटभर तिरका होता. सरळ केला. चार दिवसांनी पुन्हा फोन.

यादवजींना घरकाम करणाऱ्या बाईचा संशय आला. "पुसताना धक्का लागत असेल," असं ते बोलून बसले. बाई म्हणाली, "मी ती भिंतच आजपासून पुसनार नाय!" आणि फडकं तिथेच टाकून भांड्यांकडे गेली.

तिसऱ्यांदा यादवजी स्टुलावर उभे होते. लेव्हल फ्रेमवर ठेवलेली. साहेब खालून ऐकवत होते, "इतने साल से काम करते हो, एक फोटो सीधा लगाना नहीं आता?" यादवजी बुडबुड्याकडे बघत होते. बुडबुडा मधोमध आला. थांबला. आणि आपला आपणच डावीकडे निघाला!

स्वयंपाकघरात भांडी वाजली. पुढच्या मिनिटाला अख्खी बिल्डिंग जिने उतरून खाली रस्त्यावर. आमच्याकडे डहाणूच्या बाजूने भूकंपाचे असे बारीक धक्के अधूनमधून येतात. कधी कधी माणसांना कळतसुद्धा नाहीत, टांगलेल्या वस्तूंना कळतात.

खाली यादवजी छाती काढून उभे राहिले. आता साहेब माफी मागणार! साहेब गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, "इसका मतलब, कील भी आपने ढीली लगाई है!"

तेव्हापासून यादवजी मोठ्या फ्रेमला एकाऐवजी दोन खिळे मारतात आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबराची बटणं लावतात, म्हणजे फ्रेम भिंत धरून बसते. साहेबांचा फोटो आता सरळ आहे.

बाईने मात्र ती भिंत पुसणं सोडलं ते सोडलंच.

\*

आमच्या भागातले एक पुढारी आहेत. त्यांना आपण भाऊ म्हणू. भाऊंनी एक फोटो आणला. मध्ये मुंबईचे मोठे साहेब, त्यांच्या डावीकडे भाऊ, उजवीकडे आणखी एक कार्यकर्ता. साहेबांचा हात भाऊंच्या खांद्यावर. सोनेरी पट्टी, भरपूर नक्षी, फोटो ऑफिसात लागला.

दोनेक वर्षांनी फ्रेम परत आली. मधल्या काळात भाऊंचं आणि साहेबांचं फाटलं होतं, भाऊ दुसऱ्या पक्षात गेले होते.

"मधलं काढायचंय," भाऊ म्हणाले.

मी कैची उचलणार तेवढ्यात खुर्चीतून "हं" ऐकू आलं. काकांनी मला आत बोलावलं. "पुढाऱ्याचा फोटो कापायचा नसतो. झाकायचा असतो."

म्हणून मी दोन खिडक्यांचं माउंट केलं. एका खिडकीत भाऊ, दुसरीत तो कार्यकर्ता, साहेब मधल्या पांढऱ्या कागदाखाली. सगळं व्यवस्थित झालं, फक्त भाऊंच्या खांद्यावरचा हात राहिला. तो झाकावा तर भाऊंचा खांदाच जातो!

भाऊ बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. "कुणी विचारलं हात कुणाचा, तर काय सांगू?"

"जनतेचा म्हणून सांगा!" काका म्हणाले.

भाऊ खूश होऊन गेले. आणि गेल्या वर्षी तीच फ्रेम तिसऱ्यांदा दुकानात! मोठे साहेबच आता भाऊंच्या पक्षात आले होते. मी माउंट काढलं. खाली साहेब जसेच्या तसे, उलट उजेड न लागल्यामुळे भाऊंपेक्षा ताजेतवाने.

भाऊ भारावून म्हणाले, "बघा! हात पहिल्यापासून खांद्यावरच होता!"

मध्यंतरी तो जनतेचा होता, हा विषय आम्ही काढला नाही.

\*

तारापूरच्या कारखान्यांच्या भागातल्या एका कंपनीला सेफ्टीचं सर्टिफिकेट मिळालं. वर्षभरात एकही अपघात नाही! फ्रेमचं काम यादवजींकडे. कंपनी म्हणाली, लावूनही तुम्हीच द्या.

गेटवर यादवजींना थांबवलं. आधी सेफ्टीचा व्हिडिओ बघा. मग हेल्मेट घाला, पुढे लोखंड असलेले बूट घाला, गॉगल लावा, नारिंगी जाकीट घाला. स्टुलावर चढणार म्हणून कमरेला पट्टा. आणि खिळ्यासाठी भिंतीला एक भोक पाडायचं म्हणून वेगळं परमिट, त्यावर तिघांच्या सह्या! यादवजी सांगतात, "मैं फ्रेम लगाने गया था, लग रहा था चाँद पे जा रहा हूँ!"

कॉन्फरन्स हॉलमध्ये मॅनेजरसाहेब वाट बघत होते. ते ऑफिसातले, त्यामुळे पायात साधी चप्पल. "जरा बघू द्या," म्हणत त्यांनी फ्रेम हातात घेतली, स्वतःचं नाव कुठे आहे ते शोधायला तिरकी केली आणि फ्रेम सटकली ती थेट त्यांच्या अंगठ्यावर!

काच फुटली नाही, यादवजींचं काम पक्कं होतं. अंगठा मात्र जांभळा पडला. सेफ्टी ऑफिसर धावत आला, हातात रजिस्टर. "सर, हे नोंदवावं लागेल."

मॅनेजर एका पायावर उभे. त्यांनी फ्रेमकडे बघितलं, रजिस्टरकडे बघितलं, पुन्हा फ्रेमकडे बघितलं.

"नोंदवलं तर हे लावता येईल का?"

"नाही सर."

मग मॅनेजर दात आवळून म्हणाले, "मला काही लागलेलं नाही. यादव, लावा!"

यादवजींनी फ्रेम लावली. साहेबांनी खाली उभं राहून टाळ्याही वाजवल्या. आणि मग ते गाडीपर्यंत चालत गेले. यादवजी ती चाल अजून करून दाखवतात, आम्ही दर शुक्रवारी मागणी करतो.

\*

सगळेच किस्से हसायचे नसतात. एका मॅडमनी मोठं वारली चित्र आणलं. शेणाने सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रंगात काढलेलं. एका टोकाला घर, मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचं मोठं वेटोळं, दुसऱ्या टोकाला झाड.

अडचण अशी की त्यांच्या घरी एसी आणि पडद्याच्या मधल्या जागेत ते बसत नव्हतं. वीतभर जास्त होतं.

"थोडं ट्रिम करा ना," मॅडम म्हणाल्या. "कुठूनही चालेल. सगळं सेमच आहे!"

योगायोग असा, की ज्या बाईंनी ते काढलं होतं, त्या रमीबाई तेव्हा माझ्या दुकानाच्या पायरीवरच बसल्या होत्या. विक्रमगडकडच्या पाड्यावरून त्या महिन्या-दोन महिन्यांनी चित्रं घेऊन येतात. मॅडमनी चित्र प्रदर्शनातून घेतलेलं, त्यांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. मी सांगितलं, "मॅडम, हे यांनीच काढलंय. यांनाच विचारू."

मॅडम जरा चपापल्या. रमीबाई उठून आल्या. चित्रावरून बोट फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या आणि घरावर थांबल्या.

"घर काप," त्या म्हणाल्या. "नाचनारी मानसा नको कापू. घर काय, पुना बांदता येल."

रागाने नाही. जागा कमी पडते तेव्हा काय सोडायचं हे माहीत असल्यासारखं, शांतपणे.

मॅडम चित्राजवळ सरकल्या. त्यांनी विचारलं, "किती जण आहेत नाचायला?"

"पाड्यावरची समदी हायेत. मी पन हाय त्यात."

"तुम्ही कुठे?"

रमीबाईंनी दाखवलं. मला तरी ती आकृती बाकीच्यांसारखीच दिसली. मॅडम मात्र वाकून बघत राहिल्या. मग पर्समधून फोन काढला, घरी लावला आणि म्हणाल्या, "अहो, तो पडदेवाला अजून आहे का तिथे? त्याला थांबवून ठेवा."

चित्र अख्खं लागलं. पडदा कापला!

\*

आमच्या पट्ट्यातला मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. काच आणि फोटो यांच्यामध्ये जागा सोडली नाही, तर चार पावसाळ्यांत फोटो काचेला चिकटतो. मग ओढलात की संपलं, चेहरा काचेवर आणि कागद हातात!

माकुणसारहून एक गृहस्थ वडिलांचा फोटो घेऊन आले. तोच प्रकार. कपाळ, नाक, मिशा, सगळं काचेला घट्ट. दुसरा फोटो नाही, निगेटिव्ह नाही. त्यांना फ्रेम बदलून हवी होती, घराला रंग काढला होता.

मी काकांकडे बघितलं. काकांनी फोटो उजेडात धरला, मागून एका कोपऱ्याला अगदी हलकं नख लावून बघितलं आणि थांबले. "सोडवायचा नाही. काचेसकट राहू दे. आहे त्याच काचेला धरून नवी फ्रेम कर. हट्टाला पेटलेल्या माणसाशी ओढाताण करायची नाही."

गृहस्थ एकदम हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"कसं कळलं तुम्हाला?" ते म्हणाले. "जन्मभर आमच्यातल्या एकाला जवळ येऊ दिलं नाय ओ! आनि आता बघा, काचेला सोडत नाय!"

\*

आता हा शेवटचा.

सातपाटीच्या जनाबाई. वय ऐंशीच्या घरात. पन्नास वर्षं पालघरच्या बाजारात मासळी विकली, आता सून बसते. जनाबाईंच्या घरी भिंतीवरची फळी पडली आणि दोन फ्रेमांच्या काचा फुटल्या. दोन्ही घेऊन त्या स्वतः रिक्षाने आल्या.

एक फ्रेम नवऱ्याची. भरदार छाती, जाड भुवया, डोक्याला टोपी, कॅमेऱ्यावर डाफरल्यासारखी नजर. दुसरी देवीच्या छापील चित्राची, बरीच जुनी.

"काचा फक्त बदल," त्या म्हणाल्या. "दुसरं काय करू नको."

नवऱ्याची फ्रेम पंधरा मिनिटांत झाली. देवीची उघडायला घेतली. मागचे खिळे गंजलेले, ते एकेक करून काढले. पुठ्ठा उचलला. पुठ्ठा आणि देवीच्या चित्राच्या मध्ये एक फोटो होता.

स्टुडिओत काढलेला, ब्लॅक अँड व्हाइट. पंचविशीचा तरुण. सडपातळ, कुरळे केस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मागे रंगवलेल्या पडद्यावर विमान. कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला कुणाकडे तरी बघून हसत होता. नवऱ्याची फ्रेम शेजारीच टेबलावर होती. मी दोन्ही चेहरे पुन्हा पुन्हा ताडून बघितले. भाऊ असेल? दीर असेल? कान वेगळे, नाक वेगळं, हसू तर त्या घरातलं वाटेचना.

मी काकांना फोन केला. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"फोटो कुठल्या बाजूला तोंड करून होता?"

"देवीकडे."

"मग तसाच ठेव. जागा तीच, बाजू तीच. आणि तू काही बघितलेलं नाहीस."

मी नवी काच बसवली. चित्र ठेवलं, त्यामागे तो फोटो तसाच ठेवला, पुठ्ठा लावला, नवे खिळे मारले आणि ओल आत जाऊ नये म्हणून कडांना कागदी टेप लावली. ओल आत जाऊ नये याची त्या दिवशी जरा जास्तच काळजी घेतली.

दोन दिवसांनी जनाबाई आल्या. स्टुलावर बसल्या. नवऱ्याची फ्रेम एकदा बघितली आणि बाजूला ठेवली. देवीची घेतली ती सरळ उलटी केली. देवीकडे बघितलंसुद्धा नाही! पाठीमागच्या टेपवरून चारी बाजूंनी अंगठा फिरवला.

"उगडली होतीस?"

"काच बदलायला उघडावी लागते, आजी."

"मंग? काय बगितलंस?"

"देवी बघितली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं रोखून बघितलं की बाजारात त्यांच्याशी घासाघीस करणाऱ्यांची मला दया आली. मी टेबलावरचा भुसा झाडायला लागलो. नसलेला भुसासुद्धा झाडला.

जनाबाई उठल्या. नवऱ्याची फ्रेम पिशवीत घातली. देवीची पदराखाली, छातीशी धरली. बाहेर रिक्षा उभी होती. पायरी उतरल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. वळून पुन्हा दुकानाच्या दाराशी आल्या.

"बरा दिसायचा, नाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो आजी. खूपच."